समलिंगी विवाह : 'हा आपला प्रश्न नाही' म्हणण्याआधी

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाच्या याचिकांवर निकाल दिला. लग्न करणं हा मूलभूत अधिकार नाही, यावर पाचही जणांचं एकमत झालं. विशेष विवाह कायद्यात बदल करायचा की नाही ते संसदेने ठरवावं, असं सांगितलं गेलं. अशा जोडप्यांच्या नात्याला लग्न नाही तर निदान दुसरी एखादी कायदेशीर मान्यता मिळावी का, यावर मात्र फूट पडली. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह 'नाही' म्हणाले, सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. न्यायालयात विषय तूर्त मिटला.

आपल्याकडे तो सुरूच झाला नव्हता. निकालाच्या संध्याकाळी आम्ही आठ-दहा कार्यकर्ते एका बैठकीला जमलो होतो. एकजण म्हणाला, "बरं झालं." दुसरा म्हणाला, "आरक्षण चाललंय, शिष्यवृत्ती अडकलीय, आणि आपण श्रीमंतांचे चोचले कशाला चघळायचे?" बाकीचे मोबाईल बघत बसले. केंद्र सरकारने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातही हेच होतं : ही मागणी म्हणजे शहरी अभिजनांचा विचार, भारतीय कुटुंबव्यवस्थेत तो बसत नाही. ज्या सरकारशी आपलं शिष्यवृत्तीपासून खासगीकरणापर्यंत एकाही मुद्द्यावर जमत नाही, त्याच्याशी या एकाच मुद्द्यावर आपलं असं जुळावं, याचं मला नवल वाटलं. नवल वाटलं म्हणून हे लिहितेय.

मी मराठवाड्यात एका संस्थेबरोबर काम करते. नवऱ्याची मारहाण, पोटगी, बालविवाह, असं आमचं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी एक प्रकरण आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोन मुली. एक आमच्या वस्तीतली, बौद्ध, बावीस वर्षांची. दुसरी गावातल्या मराठा घरातली, विसाव्या वर्षात. दोघी एकाच एस.टी.ने नर्सिंगच्या कोर्सला जायच्या. एक दिवस दोघी घरी परतल्या नाहीत.

गावात पहिली बोंब काय उठली असेल? वस्तीतल्या पोराने पोरगी पळवली. आमच्या मुलीला एक मोठा भाऊ आहे, प्लंबरचं काम करतो. पोलिसांनी त्याला उचललं आणि 'चौकशीसाठी' दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. त्याची स्वतःची बहीणही गायब आहे, याची नोंद घ्यायला कोणी तयार नव्हतं. मराठा घरातली मुलगी वस्तीतल्या मुलासोबत जाऊ शकते एवढी कल्पना गावाला होती, कारण त्यावरचा इलाजही गावाकडे तयार असतो. ती वस्तीतल्या मुलीसोबत जाईल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या दोन रात्री वस्तीत कोणी झोपलं नाही. खर्डा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. २०१४ ला नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराचं काय झालं आणि २०१७ ला त्या खटल्यातले आरोपी कसे निर्दोष सुटले, हे आपल्यातल्या कोणाला सांगायला लागत नाही.

भावाला बसवलंय हे कळल्यावर दोघी चाकणहून परत आल्या. तिथे एका कंपनीत कामाला लागल्या होत्या, खोली घेतली होती. ठाण्यात दोघींनी सरळ सांगितलं, आम्ही सज्ञान आहोत, आम्हाला एकत्र राहायचंय. साहेब हसले. "मैत्रिणी आहात ना? मग फोनवर बोलत जा." जबाब लिहिला गेला तो असा : मैत्रिणीसोबत फिरायला गेले होते, आता स्वखुशीने आईवडिलांकडे जात आहे. मराठा मुलीच्या हातातला पेन कागदावर टेकत नव्हता. मामाने मागून हात धरला आणि सही झाली. दोन महिन्यांत तिचं लग्न लावलं. ज्याच्याशी लावलं त्याला काही सांगितलं गेलं होतं का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या माणसाचंही आयुष्य त्यात गेलं.

आमच्या मुलीची आई माझ्यापुढे बसून म्हणाली, "ताई, लेकरू मेलं असतं तरी रडून मोकळी झाले असते. हे कोणाला सांगू?"

त्या दोन रात्री ठाण्याबाहेर आमच्या तालुक्यातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते बसून होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्यात. आंतरजातीय लग्न करणाऱ्या किती पोरापोरींना त्यांनी स्वतःच्या घरात ठेवलंय, वकील दिलाय, रजिस्टरवर साक्षीदार म्हणून सह्या केल्यात. मुलींचा जबाब झाल्यावर मी म्हटलं, काका, आपण वकील लावू, उच्च न्यायालयात जाऊ. ते म्हणाले, "पोरगी, त्यातलं एक पोरगं असतं तर आपण तालुका बंद केला असता. यात काय म्हणून उभं राहायचं?"

मला काकांवर राग नाही. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो एकट्या काकांचा नाही.

एम.ए.ला असताना जातीच्या पेपरात आम्हाला घुर्ये होते, श्रीनिवास होते, ड्युमाँ होते. बाबासाहेबांचा १९१६ सालचा निबंध वाचायच्या पुस्तकांच्या यादीतही नव्हता. तो मी विहारातल्या कपाटातून घेऊन वाचला. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी तो वाचला होता. जातीचं मूळ कशात, सोवळ्याओवळ्यात की धंद्यात, असा तेव्हाच्या विद्वानांचा वाद चालला होता. बाबासाहेबांनी सांगितलं की जातीचं खास म्हणावं असं एकच लक्षण आहे : जातीतच लग्न. बाकी सगळं त्याभोवतीचं. मग त्यांनी हिशेब मांडला. एखाद्या गटाला आपल्या आतच लग्नं लावायची असतील तर आतल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की बायको 'जादा' होते. ती बाहेर लग्न करेल किंवा आतल्या दुसरीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला जाळा, नाहीतर विधवा करून कोपऱ्यात बसवा. बायको मेली की पुरुष 'जादा' होतो. पण त्याला जाळणं गटाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणा. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या वाईट रूढी आहेत असं आपण शाळेत शिकतो. बाबासाहेब म्हणतात, ही जातीची कुंपणं आहेत. प्रत्येक शरीर कोणत्या घरात, कोणासोबत आणि कधी ठेवायचं, हे ठरवल्याशिवाय जात टिकत नाही.

त्या निबंधात समलिंगी नात्यांविषयी एक अक्षर नाही. ते मी बाबासाहेबांच्या तोंडी घालणार नाही. आपल्यात तशी सवय फार झालीय. पण त्यांनी दिलेला हिशेब आपण पुढे करून बघू शकतो. त्या हिशेबात ज्या मुलीला नवराच नको आहे, तिचं काय करायचं? ती सतीसारखी जळत नाही, विधवेसारखी कोपऱ्यात बसत नाही. तिच्या पोटी जातीचा पुढचा माणूस येणार नाही. जातीच्या दृष्टीने ती निकामी आहे, शिवाय तिला पाहून दुसऱ्या मुलीही 'बिघडू' शकतात. म्हणून तिला मामाने हात धरून सही करायला लावायची आणि दोन महिन्यांत उजवायची. घाई किती होती बघा. एवढी घाई आंतरजातीय प्रेम पकडल्यावर असते, तेवढीच. दोन्हीकडे एकच यंत्र चाललंय.

ज्यांना हे ओढूनताणून आणलेलं वाटतं त्यांनी मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून बघावा. आपण २५ डिसेंबरला ते पुस्तक प्रतीकात्मक जाळतो, वाचतो मात्र क्वचित. एका कुमारिकेने दुसऱ्या कुमारिकेला 'दूषित' केलं तर तिला पैशाचा दंड आणि फटके. प्रौढ बाईने कुमारिकेला तसं केलं तर तिचं मुंडण करावं, नाहीतर बोटं छाटावीत, आणि तिची गाढवावरून धिंड काढावी. इथे राग प्रेमावर नाहीच. कुमारिकेचं कौमार्य हा बापाचा माल आहे, तो नासला म्हणून शिक्षा आहे. दंडात वधूमूल्याचा हिशेब येतो तो त्याचसाठी. आणि अकराव्या अध्यायात पुरुषाच्या पुरुषाशी संबंधाला कोणत्या वर्गात टाकलंय? 'जातिभ्रंशकर', म्हणजे जात घालवणारी कृत्यं. मनूला हे कळत होतं. आपल्याला कळायला इतका वेळ का लागावा?

तेव्हा काकांना माझं उत्तर असं की ते आंतरजातीय लग्नच होतं. भाऊ ठाण्यात बसला होता तो त्यामुळेच.

आता 'श्रीमंतांचे चोचले' या आक्षेपाकडे येते. त्यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. कलम ३७७ विरुद्ध ज्या याचिकांवर २०१८ चा निकाल आला, त्यातली ठळक नावं बघा : नर्तक, नामवंत शेफ, हॉटेलवाले, आय.आय.टी.वाले. वृत्तपत्रांत त्यांचेच फोटो आले. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या मुलासाठी नवरा हवा अशी जाहिरात दिली. देशभर कौतुक झालं. त्या जाहिरातीत होतं, कोणतीही जात चालेल, पण अय्यर असल्यास प्राधान्य. ते थट्टेने लिहिलं होतं असं नंतर सांगण्यात आलं. असेल. पण ज्याच्या जातीची कधी थट्टा झाली नाही त्यालाच अशी थट्टा सुचते. समलिंगी मंडळींच्या ओळखीपाळखीच्या ॲपवरही आधी आडनाव विचारलं जातं आणि मग उत्तरं बंद होतात, हे मला आमच्या पोरांनी सांगितलंय. प्रेमाला लिंग नसतं म्हणणाऱ्यांच्या प्रेमाला आडनाव मात्र असतं.

पण चळवळीचे पुढारी सवर्ण आहेत म्हणून प्रश्न सवर्णांचा होतो, हे आपण कधीपासून मानायला लागलो? स्त्रीमुक्ती चळवळीतही तेच होतं. आपल्या बायांनी काय केलं? 'हा आपला प्रश्न नाही' म्हणत घरी बसल्या नाहीत, दलित स्त्रियांचं वेगळं म्हणणं घेऊन उभ्या राहिल्या. शिवाय इतिहासही तसा नाही. कलम ३७७ ला न्यायालयात पहिलं आव्हान १९९४ ला दिल्लीत दिलं गेलं, एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाकडून. विषय होता तिहार तुरुंगातले कैदी. तुरुंग प्रशासन कैद्यांना निरोध द्यायला तयार नव्हतं, कारण दिले तर आत संबंध होतात हे मान्य करावं लागेल. तिहारमधले कैदी कोणत्या वर्गातले असतात, हे आपल्याला माहीत आहे. पोलिसांनी १८६० च्या त्या इंग्रजी कलमाचा धाक दाखवून पैसे उकळले ते बागेतल्या, स्टेशनवरच्या, रस्त्यावरच्या माणसांकडून. बंगल्यात राहणाऱ्याच्या दारावर पोलीस काठी आपटत नाहीत.

आणि मराठी माणसाने तरी एक नाव विसरू नये. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होते, कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. ते एका पुरुषासोबत होते. विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी सिरसांनाच निलंबित केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच सज्ञान व्यक्तींचे खासगी संबंध गुन्हा नाहीत असं म्हटलं होतं, तरीही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याभरात ते आपल्या खोलीत मृत सापडले. त्यांच्यावर हिंदीत चित्रपट निघाला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण त्या रात्री खोलीत दुसराही माणूस होता. तो सायकलरिक्षा चालवायचा. त्याचं पुढे काय झालं, याची आठवण कोण ठेवतो? त्याचा प्रश्न अभिजनांचा होता का?

लग्नाच्या कागदाची गरज खरी कोणाला असते, तेही बघा. पैसेवाले मृत्युपत्र करतात, दोघांच्या नावे फ्लॅट घेतात, जमलं तर परदेशात जाऊन लग्न करून येतात. आमच्या वस्तीतल्या दोन बाया एकत्र राहत असतील तर त्यांना लागतं ते रेशनकार्ड. रमाई आवास योजनेतलं घरकुल एकीच्या नावावर झालं आणि ती उद्या गेली, तर भाऊ येऊन दुसरीला बाहेर काढेल. कायद्याने वारस तोच. सरकारी दवाखान्यात सही कोणाची, हा प्रश्न येतो. २०२४ मध्ये केंद्राने काही पत्रं काढली. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले समजा, संयुक्त बँक खातं उघडू द्या, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्या. चांगलं आहे. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ते तहसीलच्या पुरवठा शाखेतल्या टेबलावर नेऊन ठेवा आणि काय होतं ते पाहा. आपल्या जातप्रमाणपत्राला किती फेऱ्या लागतात, त्यावरून अंदाज करा.

'असे लोक असतात किती?' हा आणखी एक प्रश्न. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी नेमका हाच विचार करून दिल्लीचा निकाल फिरवला होता. हे लोक मूठभर, दीडशे वर्षांत दोनशे जणांवरही खटले नाहीत, मग एवढं काय? ते वाचलं तेव्हा मला गोलमेज परिषद आठवली. संख्या कमी म्हणून हक्क कमी, हे गणित बाबासाहेबांनी आयुष्यभर नाकारलं. मूलभूत अधिकार मतमोजणीने वाटायचे असते तर संविधानात त्यांचा वेगळा भाग लिहायची गरज नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधानिक नैतिकतेचा विषय काढला आणि ती माणसात आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते, असं बजावलं. समाजाची नैतिकता आणि संविधानाची नैतिकता यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये फरक केला तो याच भाषणाच्या आधारावर. म्हणजे ज्या शब्दावर समलिंगींची कायदेशीर लढाई उभी राहिली तो शब्द या देशाला बाबासाहेबांनी दिला, आणि आपण म्हणतोय की त्या लढाईशी आपलं नातं नाही.

२०२३ चा निकाल म्हणतो, संसदेकडे जा. लोकशाहीत हे ऐकायला बरोबर वाटतं. पण संसदेत कौटुंबिक कायदा बदलायला गेलं की काय होतं, हे आपल्या इतक्या जवळून कोणी पाहिलेलं नाही. हिंदू कोड बिलाला विरोध करणाऱ्यांची भाषा आठवा : कुटुंब मोडेल, संस्कृती बुडेल, ही मूठभर शिकलेल्या बायांची मागणी आहे. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागे हे बिल अडवलं जाणं हे एक मोठं कारण होतं. आज तीच भाषा प्रतिज्ञापत्रात आहे. गंमत म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालकांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखला देऊन असे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत असं सांगितलं, आणि मार्चमध्ये केंद्राने लग्नाला विरोध केला. महाभारतात जागा आहे, तहसील कार्यालयात नाही. काही समलिंगी कार्यकर्तेही पुराणांत आणि खजुराहोच्या भिंतींवर आधार शोधतात, त्यांना मी एवढंच म्हणेन की ज्या देवळात आमच्या आजोबांना पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच्या भिंतीवर काय कोरलंय यावरून आमचे हक्क ठरत नाहीत. कलम १४, १५ आणि २१ पुरेशी आहेत.

विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी असं खासगी विधेयक एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. मांडणाऱ्या होत्या सुप्रिया सुळे. ते आंबेडकरी राजकारणातून यायला हवं होतं, असं मला तरी वाटतं.

काहीजण धम्माचा मुद्दा काढतात. तिसऱ्या शीलात हे बसतं का? माझ्या समजुतीप्रमाणे ते शील फसवणूक आणि जबरदस्ती यांच्याविरुद्ध आहे, आणि मुलगा समलिंगी आहे हे माहीत असून एका मुलीला अंधारात ठेवून तिच्याशी त्याचं लग्न लावणं, हा त्या शीलाचा सरळ भंग आहे. आपल्या विहारांत अशी लग्नं लागतात. विनयात पंडकांना उपसंपदा नाकारणारा नियम आहे, तोही कोणी माझ्यापुढे ठेवला. आहे. पण तो भिक्खूसंघाच्या प्रवेशाचा नियम आहे, उपासकाच्या माणूसपणाचा नव्हे. आणि स्त्रियांना कमी लेखणारी वचनं बुद्धाच्या तोंडी आली तेव्हा बाबासाहेबांनी ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत. ती नंतर भिक्खूंनी घुसडली असावीत, असा युक्तिवाद त्यांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवरच्या लेखात केला. ग्रंथ वाचायची ती पद्धत आहे.

'बाबासाहेब असल्या विषयात पडले नसते' म्हणणाऱ्यांसाठी १९३४ सालची एक गोष्ट. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. त्या काळी कर्व्यांच्या शेजारी उभं राहणं म्हणजे स्वतःचं नाव घाण करून घेणं. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण समाज ज्याला घाण म्हणतो त्या विषयावर बोलण्याचा माणसाचा हक्क त्यांनी कोर्टात लढवला.

आपण यात पडायचं ते आपल्या मागण्या घेऊन. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस घ्या. नोटीस बोर्डावर नावं लागतात, गावाकडे खबर जाते आणि मारेकऱ्यांना महिनाभर वेळ मिळतो. आंतरजातीय जोडप्यांचा हा जुना काच आहे. २०२३ च्या याचिकांपैकी काहींनी नेमक्या या नोटिशीलाही आव्हान दिलं होतं, तो मुद्दा न्यायालयाने खुला ठेवला. समलिंगी जोडप्यांचा आणि आपल्या पोरापोरींचा काच इथे एकच आहे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवणारी समिती काढली होती. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' हा शब्द काढला, 'आंतरधर्मीय' तसाच ठेवला. आपण हुश्श केलं. हुश्श करण्यासारखं त्यात काय होतं?

दुसरं, आरक्षण. २०१४ च्या नालसा निकालाने पारलिंगी व्यक्तींना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. सगळ्यांना एका मागास प्रवर्गात घातलं तर अनुसूचित जातीतल्या तृतीयपंथी व्यक्तीने काय करायचं? आपलं एस.सी. असणं सोडायचं की पारलिंगी असणं? उत्तर महाराष्ट्राला नवं नाही. महिला आणि दिव्यांगांसाठी आपण समांतर आरक्षण वापरतोच. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत पारलिंगींना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. तामिळनाडूत ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित पारलिंगी कार्यकर्त्या यासाठी कधीपासून भांडताहेत. आपल्याकडे दिशा पिंकी शेख यांना वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये प्रवक्तेपद दिलं. ते पाऊल मोठं होतं, त्यानंतरची पावलं मला दिसत नाहीत. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं आहे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. माणसाच्या देहाची किंमत कायद्यात अशी वेगवेगळी लावली की आपल्या कानांना ते ओळखीचं वाटायला हवं.

कार्यकर्त्यांसाठी एक कामाची गोष्ट, कारण ही बहुतेकांना माहीत नसते. २०२३ च्या निकालात सगळंच हरलं असं नाही. लग्न नाकारणाऱ्या बहुमतानेही लिहिलंय की अशा जोडप्यांच्या एकत्र राहण्यात कोणी आडकाठी करू नये, त्यांना हिंसा किंवा जबरदस्ती सोसावी लागू नये, हे पाहणं राज्याचं काम आहे. खाप पंचायतींविरुद्धच्या २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालाची झेरॉक्स आपण आंतरजातीय जोडप्यांसाठी ठाण्यात नेतो, तशी या निकालाचीही न्यावी. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या एका तरुणीला मोकळं केलं आणि कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही, हेही सांगितलं. त्याच न्यायालयात २०२१ मध्ये न्या. आनंद व्यंकटेश यांनी असं प्रकरण समोर आल्यावर स्वतः समुपदेशन घेतलं, हा विषय आपल्याला समजत नाही असं खुल्या न्यायालयात सांगून. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला जे जमलं ते तालुका कार्यकारिणीला जड जाऊ नये.

वस्तीतली ती मुलगी आता पुन्हा चाकणला आहे. महिन्याच्या सात तारखेला घरी पैसे पाठवते, आई घेते, फोनवर मात्र बोलत नाही. दुसरीचा नंबर बदललाय.

येत्या २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनाला, आम्ही तालुक्यात दिवसभराचं अभ्यास शिबिर घेतोय. सकाळी १९१६ चा निबंध, दुपारी २०२३ चा निकाल. काकांनी यायचं कबूल केलंय, मात्र मी गप्प बसणार नाही असंही बजावलंय. जेवणाची सोय विहारात आहे. ज्यांना हे सगळं चूक वाटतं त्यांनी आवर्जून यावं, निबंध आधी वाचून.

जयभीम.